भावोजींची इच्छाशक्ती

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे भावोजींना, "मला माहीत नाही" असं म्हणताना मी कधीही ऐकलेलं नाही. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. डोंबिवलीला ऐसपैस फ्लॅट, मुलगा कॅनडात, पेन्शन वेळेवर, आणि जगातल्या प्रत्येक विषयावर मत तयार. हापूस कसा ओळखावा, शिळफाट्याचा पूल बांधताना इंजिनिअरचं काय चुकलं, सुनेनं परदेशात भात कसा लावावा, सगळं त्यांना ठाऊक. आम्ही वर्षानुवर्षं ऐकून घेत आलो. त्यात कुणाचा जीव जात नव्हता ना, म्हणून. लग्नकार्यात बेसूर सनई सहन करतो तसे आम्ही भावोजी सहन करायचो.

मग साथ आली आणि भावोजी डॉक्टर झाले.

माझं सांगायचं तर मी ठाण्यात, वर्तकनगरला राहते. नोकरीचा सगळा काळ औषधाच्या कारखान्यात, तपासणीच्या प्रयोगशाळेत गेला. तयार झालेला माल बाहेर पाठवण्याआधी आमच्याकडे यायचा. एखाद्या चाचणीत आकडा जरासा इकडचा तिकडे झाला की अख्खा लॉट बाजूला. प्रॉडक्शनचा साहेब येऊन आरडाओरडा करायचा, वरून फोन यायचे, आणि आमची प्रमुख बाई चष्मा पुसत म्हणायची, "परत करून बघू. परत हेच आलं तर फेकायचं." आणि फेकायचे. म्हणून लोक जेव्हा मला विचारतात, "तुमचा विज्ञानावर फार विश्वास आहे ना?" तेव्हा मला तो शब्दच रुचत नाही. विश्वास देवावर ठेवावा, नवऱ्यावर ठेवावा. मी आपली, परत करून बघणाऱ्या माणसांच्या बाजूची.

भावोजी परत करून बघणाऱ्यांतले नव्हते. लॉकडाऊन लागल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीर केलं, की आपल्या मातीत वाढलेल्या माणसाला ह्या आजाराची भीती नाही. मग काढा सुरू झाला. ताई, म्हणजे माझी बहीण, दिवसातून तीनदा गॅसपाशी उभी राहून सुंठ, मिरी, दालचिनी, गवती चहा उकळत असे. तिला मधुमेह, पित्ताचा त्रास आधीपासून. तो जळजळीत काढा पिऊन तिच्या छातीत आग पडायची. "पडणारच," भावोजी म्हणायचे. "विषाणू जळतोय." कापूर आणि ओव्याची पुरचुंडी गळ्यात, वाफेचं भांडं टेबलावर, आणि मास्क मात्र हनुवटीवर, कारण मास्कनं म्हणे श्वासातलं विष परत आत जातं. ऑपरेशन करणारे सर्जन जन्मभर तोंडाला कापड बांधून कसे जगले, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

संध्याकाळी त्यांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर बैठक भरायची. चार-पाच निवृत्त मंडळी, मधे भावोजी. त्यात खालच्या मजल्यावरचे एक मास्तर असत. शाळेत चित्रकला शिकवलेली. मूळचे कळव्याच्या बाजूचे, खाडीत जाळं टाकणाऱ्या घरातले, पहिले शिकलेले. फार मऊ माणूस. बोलणं कमी, दुसऱ्याचं ऐकून घेणं जास्त. भावोजींच्या इंग्रजीचं त्यांना फार अप्रूप. "साहेब वाचतात," ते ताईला म्हणायचे. साहेब मोबाईलवर आलेलं वाचत. तेवढंच.

लस आली तेव्हा मी भावोजींना फोन केला. म्हटलं, "तुम्हा दोघांचा नंबर लागलाय. ताईला शुगर आहे. लगेच घ्या."

"अगं, इतक्या लवकर लस तयार होत असते का?" ते म्हणाले. "दहा-दहा वर्षं लागतात."

मी समजावून सांगितलं. आधीची कितीतरी वर्षांची तयारी होती, चाचण्या एकामागून एक न करता एकाच वेळी केल्या, पैसा आणि माणसं कमी पडू दिली नाहीत. ताप येईल, हात दुखेल, क्वचित कुणाला जास्तही त्रास होईल, हेही सांगितलं. लपवायचं कशाला?

"बघ, तूच म्हणतेस त्रास होतो!" भावोजींचा आवाज चढला. "आणि तुझे ते डॉक्टर. आज एक गोळी देतात, महिन्याभरानं म्हणतात ती नको. आधी म्हणाले वस्तू पुसा, आता म्हणतात हवेतून होतो. ज्यांचं त्यांनाच कळत नाही त्यांच्याकडून मी सुई टोचून घेऊ? तू कंपनीवाली. त्यांचं मीठ खाल्लंयस, तू त्यांचंच बोलणार."

मी फोन ठेवला. इतका शिकलेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेला, आणि त्याला चूक सापडल्यावर ती सुधारणं हा गुन्हा वाटतो! डॉक्टरांनी मत बदललं कारण त्यांनी पाहिलं, मोजलं आणि आधीचं चुकीचं निघालं. भावोजींचं मत बदलत नव्हतं, कारण ते काहीच पाहत नव्हते. हे त्यांना कोण सांगणार? दगडही मत बदलत नाही. त्याला कुणी विद्वान म्हणत नाही.

दोन दिवसांनी ताईचा फोन आला. भावोजी गच्चीवर गेले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "मला घ्यायची आहे गं लस. ह्यांना न सांगता जमेल का?"

साठी ओलांडलेली बाई, दोन नातवंडांची आजी, आणि औषध घेण्यासाठी नवऱ्यापासून लपून जायचं! मला इतका संताप आला की मी फक्त "उद्या येते" म्हटलं.

चष्म्याचा नंबर वाढलाय, दाखवून येते, असं तिनं घरी सांगितलं. मी स्कूटरवरून कळवा, मुंब्रा बायपास, शिळफाटा करत डोंबिवलीला पोहोचले. बायपासवर ट्रकांच्या मधून स्कूटर काढताना मनात आलं, आपण मेलो तर भावोजी म्हणतील, लसीनं मेली. महापालिकेच्या एका शाळेत केंद्र होतं. ताई तिसरी-चौथीच्या पोरांच्या बाकावर पदर सावरत बसली. नर्सनं सुई टोचली, कापूस दाबला, म्हणाली, "झालं, आजी."

"एवढंच?" ताई म्हणाली.

"मग काय, वाजंत्री लावू?" नर्स हसली.

ताईही हसली. बाहेर वडाच्या सावलीत निरीक्षणाला बसलो तेव्हा ती मला म्हणाली, "खूप दिवसांनी स्वतःच्या मनाचं काहीतरी केलं बघ." रात्री तिला कणकण आली आणि हात दुखला. भावोजींनी विचारलं तेव्हा तिनं अवघडून झोपल्याचं सांगितलं. त्यावर त्यांनी तिला तिळाच्या तेलाचे फायदे ऐकवले.

दुसरी लाट आली तेव्हा भावोजींना ताप भरला. टेस्ट करायला नकार. "केली की पॉझिटिव्हच येते, तसंच ठरलेलं आहे." काढ्याच्या फेऱ्या वाढल्या. खोकून खोकून माणूस वाकला. मी ऑक्सिजन मोजायचं यंत्र पाठवलं. त्यात आकडा खाली दिसला तर म्हणाले, यंत्र बिघडलेलं आहे, चिनी माल. ताईनं ते स्वतःच्या बोटाला लावलं.

"माझ्या बोटाला बरं चालतंय हो," ती म्हणाली.

"तुझं बोट बारीक आहे."

हे मला ताईनं नंतर सांगितलं. सांगताना तिला हसू आणि रडू एकदमच येत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांना वाक्य पुरं करता येईना. मत व्यक्त करायला दम पुरेना झाला तेव्हा ताईनं त्यांना न विचारता मला फोन केला. त्या दिवसांत बेड मिळणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्याला सांगायला नको. मी जुन्या नोकरीतल्या ओळखी उकरल्या, लाज गुंडाळून माणसांच्या पाया पडले, आणि संध्याकाळपर्यंत कल्याणच्या एका हॉस्पिटलात ऑक्सिजनचा बेड मिळाला. अँब्युलन्समध्ये चढवताना भावोजींनी गळ्यातली कापराची पुरचुंडी घट्ट धरली होती. अटेंडंटनं ती काढून ताईच्या हातात दिली.

ताईलाही ताप आला. दोन-तीन दिवस अंग मोडून आलं, चव गेली, आणि मग उतरलं. तिचा एकच डोस झाला होता. त्याच्यामुळे निभावलं की नशिबानं, हे एका माणसावरून सांगता येत नाही, आणि मी सांगणारही नाही. तसं बोलायला घरात भावोजी होते.

हॉस्पिटलात भेटायला सोडत नसत. दिवसातून एकदा फोन यायचा. एक तरुण डॉक्टरीण बोलायची. आवाज बसलेला, मागे यंत्रांचा टुकटुक आवाज. ताईला ऐकून धडधडायचं म्हणून फोन मी घेत असे.

"पेशंटला पालथं झोपवलंय," ती म्हणाली. "स्टेरॉइड चालू केलंय. ऑक्सिजन बराच लागतोय."

"वाचतील ना?"

"आज सांगता येत नाही मॅडम. उद्या बोलू."

"ते एक इंजेक्शन म्हणतात, सगळे त्याच्यासाठी फिरतायत..."

"तुम्ही फिरू नका. त्याचा फारसा उपयोग दिसत नाहीये. ऑक्सिजन आणि स्टेरॉइड, ह्याचा दिसतोय. ते दोन्ही आम्ही देतोय."

मी फोन ठेवला आणि कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं. खोटी आशा नाही, मोठेपणा नाही. जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, जे माहीत नव्हतं ते नाही म्हणाली. तिच्या आजोबांच्या वयाचा जो माणूस आठवड्यापूर्वीपर्यंत डॉक्टरांना काही कळत नाही म्हणत होता, त्याला ती तासातासाला जाऊन पालथा करत होती. त्याचं ते बोलणं तिच्या कानावर गेलं असतं तरी तिनं तेच केलं असतं, ह्याची मला खात्री आहे.

त्याच दिवसांत खालच्या मजल्यावरचे मास्तर आजारी पडले. लसीसाठी त्यांच्या मुलीनं नाव नोंदवलं होतं, पण गच्चीवरच्या बैठकीनंतर त्यांनी जायचं रद्द केलं होतं. "साहेब म्हणतात थांबा, तर थांबतो," असं मुलीला सांगितलं. ताप आल्यावर घरात काढा सुरू झाला, साहेबांनी लिहून दिलेल्या प्रमाणात. श्वास लागला तेव्हा मुलीनं अँब्युलन्स आणली. ती त्यांना घेऊन एका हॉस्पिटलाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात फिरत राहिली. बेड मिळाला नाही. मास्तर गाडीतच गेले. ताईनं खिडकीतून त्यांना खाली नेताना पाहिलं होतं. परत येताना काही पाहायला मिळालं नाही. तेव्हा कुणालाच मिळत नव्हतं.

भावोजी वाचले. खूप दिवसांनी घरी आले तेव्हा अंगावरचे कपडे दुसऱ्याचे वाटत होते. घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा मोबाईल मागितला. पलंगावर उशीला टेकून, दम खात खात, त्यांनी ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. मृत्यूच्या दारातून परत आलो, प्रबळ इच्छाशक्ती, सकारात्मक विचार आणि आपल्या पूर्वजांचा काढा ह्यांच्या जोरावर. खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. भाचे, पुतणे, बँकेतले मित्र, सगळ्यांनी वंदन केलं. मी पुन्हा पुन्हा वाचलं. डॉक्टरणीचा उल्लेख नव्हता. नर्सचा नव्हता. ऑक्सिजनचासुद्धा नव्हता. माणूस हवेवर जगला आणि हवेलाही श्रेय द्यायला तयार नाही!

महिन्याभरानं मी डोंबिवलीला गेले तेव्हा ताई म्हणाली, "मास्तरांच्या घरी जाऊन येऊ. हे पण येतायत." आम्ही तिघं खाली गेलो. मास्तरांची बायको भिंतीला टेकून बसली होती. शेजारी मुलगी. भिंतीवर मास्तरांनी काढलेलं खाडीचं चित्र, होड्या, पलीकडे पारसिकचा डोंगर. वहिनी रडत नव्हती. ती एकच प्रश्न विचारत होती, आल्या-गेल्या प्रत्येकाला.

"एकाच टायमाला ताप आला दोघांना," ती भावोजींकडे बघत म्हणाली. "तुमी आले घरी. आमचे नाय आले. असा का झाला? मना काय समजत नाय."

त्या प्रश्नाला हात जोडून गप्प बसता आलं असतं. कुठल्याही माणसाला आलं असतं. पण भावोजींनी घसा साफ केला.

"वहिनी," ते म्हणाले, "शेवटी सगळं मनावर असतं. मास्तर मुळात हळवे. इच्छाशक्ती कमी पडली हो."

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा ऐकलाय, पण असं नाही. मूर्खपणाला काही मर्यादा असते. ती ओलांडली की माणूस मेलेल्यालाच त्याच्या मरणाबद्दल नापास करतो. मी काही बोलणार, इतक्यात ताई बोलली. ताई, जिनं संसारात कधी चारचौघांत नवऱ्याचं वाक्य मोडलं नाही.

"नाही वहिनी," ती म्हणाली. "ह्यांना ऑक्सिजन मिळाला. मास्तरांना मिळाला नाही. एवढंच झालं. माझ्या बहिणीच्या ओळखी होत्या, तुमच्या नव्हत्या. मास्तरांचं काही कमी पडलं नाही."

"अगं, तू काय बोलतेस?" भावोजी म्हणाले.

"आणि लस घेऊ नका, थांबा, हे त्यांना सांगणारे हे होते. ते मी गच्चीवर चहा घेऊन आले तेव्हा माझ्या कानांनी ऐकलंय. मी स्वतः मात्र घेऊन आले होते, वहिनी. चोरून. तेव्हा तुम्हाला सांगायला हवं होतं, पण माझी हिंमत झाली नाही."

मास्तरांची मुलगी उठून आत गेली. वहिनी ताईकडे बघत राहिली, मग तिनं हात लांब करून ताईचा हात धरला. भावोजी चप्पल शोधत बाहेर पडले. घरी आल्यावर त्यांनी ताईला विचारलं ते मास्तरांबद्दल नव्हतंच. "माझ्या परवानगीशिवाय लस घेतलीस?" असं विचारलं.

"दुसरा डोस पण घेणार आहे," ताई म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली.

पुढचं सांगायला मला खरं तर मजा येते. कॅनडातल्या मुलाकडे जायचं ठरलं. तिथे लस घेतल्याशिवाय विमानातून उतरू देईनात. भावोजींनी चार दिवस मुलाशी वाद घातला, दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि एका सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून केंद्रावर जाऊन आले. विषाणू नाही, शासन नाही, मृत्यू नाही, त्यांना नमवलं ते प्रवासाच्या नियमानं. दुसऱ्या डोसनंतर त्यांनी प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये गच्च बंद करून घेतलं, विमानतळावर पहिल्यांदा तेच पुढे केलं. गच्चीवरच्या मंडळींना काय सांगितलं, विचारलं तर म्हणाले, "परदेशातली लस वेगळी असते." त्यांनी घेतली होती ती डोंबिवलीतच, ताईनं घेतली त्याच शाळेत.

मला लोक म्हणतात, सोडून दे आता, म्हातारा माणूस आहे, साथीत सगळेच गोंधळले होते. गोंधळलेल्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. मीही गोंधळले होते, दुधाची पिशवी साबणानं धुणारी. मास्तर गोंधळले होते. ती डॉक्टरीणसुद्धा रोज गोंधळून रोज नवं शिकत होती. भावोजी कधीच गोंधळले नाहीत. तिथेच माझं त्यांच्याशी फाटलं. राग कधीतरी निवतो. ही तुच्छता निवत नाही, आणि मी तिला निववायला जातही नाही. सणावारी जाते, नमस्कार करते, त्यांच्या हातचा पेढा घेते. बस.

ताई मात्र बदलली. डॉक्टरकडे आता एकटी जाते, शुगरच्या गोळ्या स्वतः बघते. मास्तरांच्या बायकोला आठवड्यातून एकदा बाजाराला सोबत नेते. काढा करत नाही. भावोजींना हवा असेल तर गॅस तिथेच आहे, असं तिनं एकदा सांगितलं. त्यानंतर त्यांनी तो कधी केल्याचं ऐकिवात नाही.

गेल्या महिन्यात मी डोंबिवलीला होते. संध्याकाळी ताई आणि मी बागेत फेरी मारायला गेलो. भावोजी बाकावर बसले होते, भोवती नवी मंडळी. जुनी काही राहिली नव्हती. आता विषय रक्तदाबाचा आणि कोलेस्टेरॉलचा होता. ह्या गोळ्या म्हणजे कंपन्यांचं षड्‌यंत्र आहे, एकदा सुरू केल्या की सुटत नाहीत, मी सांगतो त्या बिया रात्री भिजत घाला, असं चाललं होतं. एक गृहस्थ मोबाईलमध्ये बियांचं नाव लिहून घेत होते.

ताई चालता चालता थांबली. बाकापाशी गेली आणि त्या गृहस्थांना म्हणाली, "तुमच्या गोळ्या बंद करू नका बरं का भाऊ. ह्यांच्या सकाळच्या दोन मीच काढून देते. पाण्याबरोबर घेतात."

आणि माझा हात धरून पुढे चालायला लागली.